फोंगबाईंचं भांडं

तिसरं मडकं फुटलं तेव्हा मात्र मी रडले.

काढा आटत आला होता. चार पेले पाण्याचा एक पेला व्हायला अजून अर्धा तास होता, तेवढ्यात ‘टच्च’ असा आवाज झाला आणि मडक्याच्या बुडाशी एक रेघ उमटली. बघता बघता तपकिरी पाणी स्टोव्हवर सांडलं, ज्योत विझली, आणि अडुळसा आणि रॉकेल मिळून असा काही वास सुटला की आतल्या खाटेवर यांना खोकल्याची उबळ आली. ती काही थांबेना.

“गेलं?” आत्याबाईंनी आतूनच विचारलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

“गेलं.”

“मुंबईचे कुंभार मेले राख मळून भांडी करतात. आमच्या राजापूरला एकेक मडकं दहा-दहा वर्षं चुलीवर बसायचं.”

“तिथे चूल होती, आत्याबाई. इथे स्टोव्ह आहे.”

“मग वैद्याला सांग, स्टोव्हवर शिजेल असं औषध दे म्हणावं.”

ही गोष्ट सत्तावन्न सालची. माझगावात नूर मंझिल नावाच्या तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली होती. हे गोदीत फिटर होते. थंडी सुरू झाली तेव्हा यांना ताप आला. इंजेक्शनांनी ताप गेला, पण खोकला राहिला. दीड महिना झाला तरी हटेना. अंगावरचं मांस उतरलं. पायखान्यापर्यंत जाऊन यायचं तर मध्ये दोनदा कठड्याला धरून उभे राहायचे. शेवटी आत्याबाईंनी ठाकुरद्वारच्या एका वैद्यांना गाठलं. त्यांनी पुड्या बांधून दिल्या आणि बजावलं, की काढा एकवीस दिवस घ्यायचा, एक दिवस चुकवायचा नाही, आणि मातीच्या भांड्यातच करायचा. धातूचा स्पर्श नको.

आणि मी सहा दिवसांत तीन मडकी फोडली होती. एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं आत्याबाई म्हणाल्या. मी पदराने डोळे पुसत स्टोव्ह पुसत होते, तेव्हा दारात सावली आली.

समोरच्या खोलीतल्या फोंगबाई होत्या.

फोंग मंडळी चिनी, आमच्या मजल्यावर येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. मिस्टर फोंग दातांचे डॉक्टर. खाली रस्त्यावर त्यांचा लहानसा दवाखाना होता आणि पाटीवर एक भलीमोठी दंतपंक्ती रंगवलेली होती. आमच्या गॅलरीतून बघितलं की ती आपल्याकडे बघून हसतेय असं वाटायचं. फोंगबाई बारीक, ठेंगण्या, केस मागे चापून बांधलेले. मराठी त्या नळावर शिकल्या होत्या, आणि नळावर जेवढं लागतं तेवढंच आमचं बोलणं. ‘पाणी आला?’ ‘आलं.’ ‘आज कमी.’ ‘हो ना.’

त्या दिवशी त्यांच्या दोन्ही हातांत एक भांडं होतं. किटलीसारखं, पण किटली नव्हे. गोल पोट, आखूड चोच, आणि कडीऐवजी बाजूला दांड्यासारखी पोकळ मूठ. बाहेरून वाळूसारखं खरखरीत, भुरकट. आतून मात्र काळसर तपकिरी आणि गुळगुळीत. पोटाला तारेचा कंबरपट्टा आवळलेला.

“तुमचा मडका पातळ,” त्या म्हणाल्या. “स्टोव्हला नाय चालत. हा घ्या. ह्याच्यात वाळू हाय.”

मी उठून उभी राहिले. “अहो, पण…”

“मी रोज आवाज ऐकते. टच्च! मग तुमची आजी ओरडते. मग मिस्त्री खोकते.” त्यांनी हे क्रमवार, बोटांवर मोजत सांगितलं. “हा घ्या. माझी आई दिली. लगीन झाला, जहाजात मांडीवर घेऊन आली. खाली नाय ठेवला.”

मग तिथेच उंबऱ्याशी बसून त्यांनी मला शिकवलं. आज रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. रिकामं कधी स्टोव्हवर ठेवू नको. आधी पाणी, मग औषध, मग आग. आग पहिल्यांदा बारीक, भांड्याला कळू दे की गरम व्हायचंय, मग मोठी कर. गरम भांड्यात गार पाणी ओतू नको. उतरवलं की ओल्या लादीवर ठेवू नको, नाही तर ठार. साबण नाही, राख नाही, नुसतं ऊन पाणी. आणि झाकण लावून कपाटात ठेवू नको, श्वास घेऊ दे.

“उतरवून ठेवायला चुंबळ करते मी,” मी म्हटलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी पिळून गोल गुंडाळी करून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि मान डोलावली.

“अच्छा हाय हा.”

“तीन आठवड्यांचं काम आहे. संपलं की लगेच आणून देईन हं.”

“नको, नको.” त्यांनी जोरजोरात हात हलवले. “ठेव. देऊ नको.”

मी हसले. आपल्याकडेही माणसं म्हणतातच ना, ‘असू दे हो, घाई काय आहे!’

*

आत्याबाईंनी भांडं लांबूनच बघितलं.

“त्यात काय काय शिजलं असेल, देव जाणे. डुक्कर खातात म्हणे ते. आणि बेडूक.”

दार उघडं होतं. समोरच्या खोलीचंही. मी डोळ्यांनी खुणावलं, पण आत्याबाईंचा आवाज खुणांना दाद देणारा नव्हता.

“आई,” खाटेवरून हे म्हणाले, “बेडकाच्या रश्श्यानं खोकला जात असेल तर तोही द्या आता.”

“गप्प पड!”

शेवटी मीच जाऊन विचारून आले. फोंगबाई म्हणाल्या, “ह्याच्यात फक्त दवा. जेवण कधी नाय. दवाचा भांडा वेगळा, जेवणाचा वेगळा.” तेव्हा कुठे आत्याबाईंनी त्याला हात लावला. तरी त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी, भिजवलेल्या भांड्यात त्यांनी मूठभर तांदूळ आणि भरपूर पाणी घालून मंद आचेवर पेज रटरटत ठेवली. “नवं मडकं असो नाही तर परकं, आधी पेज. म्हणजे त्याची भोकं बुजतात आणि खोडी मोडते.”

फोंगबाई पाण्याची बादली घेऊन जात होत्या. पेज बघून त्या थबकल्याच. बादली खाली ठेवून त्यांनी टाळी वाजवली.

“आम्ही पण! आम्ही पण असा! पहिला भात, पाणी… माझी आई पण!”

“बघ,” आत्याबाई मला म्हणाल्या, “म्हणजे चांगल्या घरची आहे.” त्या दिवसापासून त्या तिला एकेरीत ‘फोंगीण’ म्हणायला लागल्या, जशी जोशीण किंवा सावंतीण. फोंगबाईंना तो काही मोठा किताब वाटला असावा. त्या लगेच ‘ओ’ द्यायच्या.

काढ्याचा एक दिवसही मग चुकला नाही. ते भांडं आवाज न करता शिजायचं. काढा मुठीला धरून चोचीतून ओतला की खाली एक थेंब सांडत नसे. चोथा उरायचा तो मी मोरीत टाकणार, तेवढ्यात फोंगबाईंनी पहिल्याच दिवशी गॅलरीतून हटकलं.

“तिथे नाय! रस्त्यावर टाक. लोक चालतात. बिमारी पायाखाली जाते. घरात नाय राहत.”

आत्याबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. “ऐक. आपण उतारा काढून तिठ्यावर ठेवतो तसंच. दुखणं घराबाहेर न्यायचं, चारचौघांच्या वाटेवर.” आणि रोज संध्याकाळी त्या स्वतः दोन जिने उतरून चोथा रस्त्यावर टाकून येऊ लागल्या. पंधराव्या दिवशी भांड्याच्या आत केसासारखी एक चीर दिसली, तेव्हा मी समोर हाक मारली. फोंगबाईंनी ती बोटाने चाचपली. “म्हातारा झाला हा. पेज दे, बरा होईल.” दाट पेज करून ती रात्रभर भांड्यातच राहू दिली, आणि खरंच, चीर बुजली.

एकविसाव्या दिवशी हे कठड्याला न धरता दोन जिने उतरले, चौकातून पेपर घेऊन आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “मोज. एकदाही खोकलो नाही.”

मी आत वळले. डोळे भरून आले होते, ते यांना दाखवायचे नव्हते.

*

भांडं परत करायचं तर असंतसं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ऊन पाण्याने धुतलं. दोन दिवस गॅलरीत कोवळ्या उन्हात वाळवलं. भांडं रिकामं परत करू नये, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून ते साखरेने भरलं. आत्याबाईंनी वर एक नारळ ठेवायला दिला. आणि मग मला राहवेना. या भांड्याने माझं कुंकू राखलं होतं. मी त्याच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, पुढून दोन, मागून दोन.

सकाळी दहाच्या सुमाराला मी समोरचं दार वाजवलं. फोंगबाईंनी दार उघडलं. मला बघून त्या हसल्या, “मिस्त्री कामावर गेला? अच्छा, अच्छा…” आणि मग त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली.

माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणतात, ते मी तेव्हा बघितलं. त्या एक पाऊल मागे सरकल्या. “नको.”

“अहो, घ्या ना. तुमच्यामुळे…”

“नको! घेऊन जा. तुझ्या घरी घेऊन जा.” आणि दार लागलं. आपटलं नाही. हळूच, पण घट्ट लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. दिवसा आमच्या मजल्यावर कुणी कडी घालत नसे.

मी भांडं घेऊन तशीच उभी. काय चुकलं ते कळेना.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, लाजली असेल. तू आणखी एकदा जा.” संध्याकाळी पुन्हा गेले. या वेळी मिस्टर फोंग दारात आले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आणि ते काही केल्या पुढे आणत नव्हते.

“मिस्त्री ठीक? बहोत अच्छा. भांडा आपके पास अच्छा. आप रखो.” ते हसत होते, पण बघत होते भांड्याकडे, माझ्याकडे नाही.

त्या रात्री मी यांना विचारलं, “त्यांना साखर चालत नसेल का?”

“साखर कुणाला चालत नाही?”

“मग कुंकू? आपल्या देवाचं म्हणून?”

“दिवाळीत तिनं तुझ्याकडून कुंकू लावून घेतलं होतं.”

मग एकच गोष्ट उरत होती. आत्याबाईंचं ते डुकराचं आणि बेडकाचं बोलणं. त्यांनी ऐकलं होतं. तीन आठवडे मनात ठेवलं, आमचं माणूस बरं होईपर्यंत थांबल्या, आणि आता सांगत होत्या की तुमच्या हातचं बाटलेलं भांडं आम्हाला नको. असं असेल तर त्यांचं बरोबरच होतं. पण मग त्यांच्या चेहऱ्यावर राग का नव्हता? त्या दारात मी जे बघितलं होतं ते राग नव्हतंच. ते भय होतं. माझं कुणाला भय वाटावं असं माझ्यात काय होतं? चोवीस वर्षांची, सहावारी नेसलेली, हातात साखर घेतलेली बाई!

भांडं आमच्या फडताळावर बसून होतं. त्याच्याकडे बघितलं की मला चोरी केल्यासारखं वाटे. तिच्या आईनं दिलेली, मांडीवर आणलेली वस्तू. ती मी कशी ठेवून घेऊ? रविवारी सकाळी फोंग नवराबायको त्यांच्या देवळात जात. त्या रविवारी ते जिना उतरलेले बघून मी भांडं उचललं, साखर आणि नारळ नीट केला आणि त्यांच्या बंद दाराशी, उंबऱ्याच्या मधोमध ठेवून आले.

दुपारी बघितलं तर ते तिथे नव्हतं.

“घेतलं एकदाचं,” मी आत्याबाईंना सांगितलं.

“घेणारच. फोंगीण मनाची चांगली आहे.”

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ते एकच दिवस.

सोमवारपासून फोंगबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या दाराला जाड पडदा लागला. नळावर मी गेले की त्या आपली भरत आलेली बादलीही बाजूला ओढून मला वाट देत, खाली बघत. भांडण असतं तर मी भांडले असते. पण ही वाट देण्याची तऱ्हा मला समजेना.

आणि शुक्रवारी सकाळी मी भाकरी थापत असताना खोकला ऐकला.

कोरडा, खोल, शेवटाला शिट्टीसारखा ओढलेला. तो खोकला मी दोन महिने रात्रंदिवस ऐकला होता. मी दचकून वळून बघितलं. हे खाटेवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनीही मान वर केली होती.

खोकला समोरच्या खोलीतून येत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला नाही. बंद फळ्यांवर ती दंतपंक्ती एकटीच हसत राहिली. फोंगबाई कुठूनतरी कागदाच्या पुड्या घेऊन आल्या. त्यांच्या स्टोव्हचा आवाज आला. पडदा वाऱ्याने हलला तेव्हा मला दिसलं, की त्या अल्युमिनियमच्या पातेल्यात औषध उकळत होत्या. पातेल्यात! औषधाला धातू चालत नाही, हे त्यांच्याकडेही तसंच होतं. त्यांनीच मला सांगितलं होतं. मग भांडं कुठे होतं? त्यांच्या घरात होतं तर त्या ते घेत का नव्हत्या?

“फुटलं असेल,” आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज खाली आला होता. पलीकडे पुन्हा उबळ आली होती, आणि ती संपेपर्यंत आम्ही दोघीही आपापले श्वास धरून बसलो होतो.

*

आमच्या इमारतीला मागच्या बाजूने एक लोखंडी जिना होता. बाळूबाई नावाची बाई तो झाडायची. त्या आठवड्यात तिने जिना झाडायचं सोडलंच. “कुणीतरी मेल्यानं मधल्या वळणावर उतारा ठेवलाय,” ती सगळ्यांना सांगत होती. “नारळ, हळदकुंकू, सगळं. मी बाई नाय त्याला झाडू लावणार. तुम्ही पण जाऊ नका तिकडनं.” कुणीच गेलं नाही. आत्याबाईंनी मला दोनदा बजावलं, यांना तीनदा.

मीही गेले नसते. पण मंगळवारी वाऱ्याने यांचा सदरा दोरीवरून उडाला आणि मागच्या जिन्यात जाऊन पडला. नवाच सदरा. बरे झाले म्हणून शिवलेला. मी मनात रामरक्षा म्हणत पाच पायऱ्या उतरले, सदरा उचलला आणि ओलांडायचं नाही, नुसतं बघायचं म्हणून वळणाकडे बघितलं.

आधी मला नारळ दिसला. मग साखरेवर चढलेली मुंग्यांची रांग. मग कुंकवाची दोन बोटं. माझीच बोटं.

ते फेकलेलं नव्हतं. लोखंडी जिन्याच्या गार पत्र्याला लागू नये म्हणून त्याच्याखाली एक स्वच्छ पंचा चार घड्या घालून ठेवलेला होता. बरोबर मधोमध. त्यांच्या दारापासून आणि आमच्या दारापासून सारख्याच अंतरावर.

मी पळतच वर आले आणि आत्याबाईंचा हात धरून त्यांना जिन्याच्या तोंडाशी नेलं. त्या खाली वाकून बघू लागल्या. मग तिथेच पायरीवर बसल्या.

“हे तू तिच्या दारात ठेवलं होतंस? असंच? कुंकू लावून, नारळ ठेवून?”

“हो. तुम्हीच तर नारळ दिलात.”

“आणि एकवीस दिवस याच्यात आपलं दुखणं शिजत होतं.” त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं, चोथासुद्धा घरात ठेवू देत नव्हती ती. लोकांच्या पायाखाली टाकायला लावत होती. आणि आपण अख्खं भांडंच तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं! आपल्या दारात कुणी असा उतारा आणून ठेवला असता तर मी काय म्हटलं असतं? करणी केली म्हटलं असतं. सात पिढ्या उद्धरल्या असत्या त्याच्या.”

“पण आत्याबाई, भांडं तिचंच आहे! आणि परत घ्यायचं नव्हतं, तर मग दिलं कशाला?”

‘ठेव. देऊ नको.’ असं फोंगबाई म्हणाल्या होत्या, ते मला आत्ता आठवलं. जोरजोरात हात हलवले होते. मी हसले होते.

म्हणजे भांडं हातात देतानाच तिला ठाऊक होतं, की आईनं दिलेली वस्तू आता परत यायची नाही. आणि नळावरच्या ओळखीवर, रोज टच्च आवाज ऐकवत नाही एवढ्याच कारणासाठी, तिनं ती दिली होती.

“मग आता?” मी म्हटलं.

“आता काय, तिथून उचलून आपल्या घरात आणायचं. आपलं दुखणं आपल्या घरात.”

हे नुकते बरे झाले होते. सदरा माझ्या हातातच होता. खरं-खोटं देव जाणे. मी स्वतःला शिकलेली समजायची, मराठी सातवी पास. पण त्या क्षणी माझ्याने खाली पाऊल टाकवेना. एकीकडे पंच्यावर मांडून ठेवलेलं ते भांडं, दुसरीकडे यांचा खोकला.

“तू नको,” आत्याबाई म्हणाल्या. “मी आणते. माझं काय, पिकलं पान. यायचंच असेल तर माझ्याकडे येऊ दे.” गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, खाली गेल्या, मुंग्या झटकल्या आणि भांडं पंच्यासकट छातीशी धरून वर आल्या. मागच्या बाजूने सरळ आमच्या खोलीत जाता आलं असतं. पण त्या मुद्दाम सगळ्या गॅलरीला वळसा घालून फोंगांच्या दारासमोरून गेल्या. भर दुपारी, अगदी सावकाश. आणि पडद्यापाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, “सूनबाई, आपलं भांडं सापडलं गं! आपल्याच घरात राहील ते आता!”

पडदा हलला नाही. पण त्याच्याखाली दोन पावलं दिसत होती.

आम्ही भांडं धुतलं. पाण्यात घातलं. आत्याबाईंनी ते फडताळावर ठेवायच्या ऐवजी आपल्या उशाशी चुंबळीवर ठेवलं. संध्याकाळी हे आले, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. समोरचा खोकला ऐकत म्हणाले, “तिला आता ते हवं असेल. पण मागणार कशी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोंगबाई दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

“भाभी,” त्या म्हणाल्या. “मिस्टर फोंगला खोकला. तुमचा… दवाचा भांडा देता? मला पाहिजे.”

तुमचा भांडा. मी लगेच उठले. भांडं हातात घेतलं आणि थांबले. रिकामं कसं देणार? आणि भरून द्यावं, तर त्यातून पुन्हा काय घडेल? माझा गोंधळ बघून आत्याबाईंनी डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि भांड्यात टाकले.

“आठ दिवस कोरडं पडलं होतं,” त्या फोंगबाईंना म्हणाल्या. “आधी पेज दे. आणि हे बघ, फोंगीण, परत बिरत आणू नकोस हो.”

फोंगबाई आत्याबाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्या आमच्या उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या. दोन्ही हातांनी भांडं धरलेलं होतं, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात. मीच पदराने पुसले.

*

मिस्टर फोंगना बरं वाटायला महिना लागला. यांना काही झालं नाही. आत्याबाईंनाही नाही, त्या पुढे अकरा वर्षं जगल्या. फोंगबाईंनी त्या आठ दिवसांबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. भांडं मात्र गॅलरी ओलांडत राहिलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की मी मागून आणायची, त्यांच्याकडे कुणी पडलं की त्या मागून न्यायच्या. परत कुणीच केलं नाही.

बासष्टच्या चीनशी झालेल्या लढाईनंतर त्यांचे दिवस कठीण गेले. मिस्टर फोंगनी पाटीवरचं आपलं नाव पुसलं, नुसते दात ठेवले. आणखी काही वर्षांनी त्यांचं कॅनडाला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी डब्यात पोळ्या घेऊन गेले. खोली मोकळी झाली होती. ट्रंका बांधलेल्या. भिंतीवर कॅलेंडरचे चौकोन. फळीवर एकच वस्तू उरली होती, चुंबळीवर. मी पहिल्या दिवशी करून दाखवली होती तशीच चुंबळ.

फोंगबाईंनी भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते त्यांना आमच्या दारात आणून देता येत नव्हतं.

मी डबा खाली ठेवला.

“फोंगबाई,” मी म्हटलं, “मला जरा खोकला झालाय. तुमचं भांडं द्याल का?”

त्यांनी ते फळीवरून काढलं, पदर नव्हता म्हणून बाहीने पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातांत ठेवलं.

“खोकून दाखव,” त्या म्हणाल्या.

मी खोकले.